पंचवीस फेऱ्या

मी आयुष्यात पहिला आकडा कधीच खरा सांगितलेला नाही. साताऱ्याच्या मंडईत आईचा पदर धरून शिकले ते हेच: विकायचं असेल तर दुप्पट सांगायचं, घ्यायचं असेल तर निम्म्यावर सुरू करायचं, आणि समोरचा खऱ्या भावावर आला की नाक मुरडायचं. पुढे नवऱ्याच्या हवाई दलातल्या नोकरीमुळे चंदीगडला आले. तो निवृत्त होऊन वर्तमानपत्र वाचत बसला आणि मी बाजारात गाळा घेऊन थालीपिठं लावू लागले. गाळा, तवा, शेगडी, सगळं घासाघीस करून मिळवलं. घासाघीस न करता मिळालेली एकच वस्तू म्हणजे नोटीस.

या शहरात बाजारातल्या पाट्या एका ओळीत आणि एका उंचीच्या लागतात. माझी वीतभर उंच निघाली. रंगाऱ्याने आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, वीतभराचं काय, बोलून मिटवू. मग एका सकाळी शिडी घेऊन माणसं आली आणि पाटी उतरवून ट्रकमध्ये टाकली.

"साहेब, अर्धी वीत कापते," मी हिंदीत म्हटलं.

"मॅडम, ये सब्जीमंडी नहीं है."

तो शब्द मला अजून डसतो. मंडईत निदान समोरचा उत्तर तरी देतो! नव्या पाटीच्या परवानगीसाठी मी कचेरीत जाऊ लागले. नकाशा हवा. नकाशा नेला, तर रंगीत हवा. रंगीत नेला, तर गाळामालकाची सही हवी. सही नेली, तर साहेब रजेवर.

त्याच सुमारास शेजारच्या मोहालीत, नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत संशोधन करणारी एक अकोल्याची मुलगी रविवारी खायला येत असे. नियमांमुळे छोट्या धंद्यांचं काय होतं, हा तिचा विषय. अहवाल नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे वाचला जाणार होता. मला दुसरं काय हवं होतं? कचेरीच्या खिडकीमागे ज्यांनी कधी मान वर केली नाही, त्यांना माझं ऐकावं लागणार होतं.

"काकू, परवानगीसाठी किती फेऱ्या झाल्या?"

"पंचवीस."

आता ती म्हणेल, काहीतरीच काय, दहा म्हणा. मग मी अठरावर येईन. पण तिने मुकाट्याने पंचवीस लिहिलं. पहिल्याच भावात माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाची येते तशी मला तिची कीव आली.

पंधरा दिवसांनी ती आली ती मान खाली घालून. "काकू, तुमचं उत्तर काढून टाकावं लागलं. बाकी कोणाच्याच जवळपास नाही ते. सर म्हणाले, भरवशाचं वाटत नाही."

"खा आणि ऊठ," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मोहालीला गेले.

नियमांचा जाच अभ्यासणाऱ्या संस्थेच्या फाटकावर मला फॉर्म भरायला लावला. कोणाला भेटायचं, का भेटायचं, ओळखपत्र. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: झगडा.

"आंटीजी, ये नहीं चलेगा," पगडीवाला पहारेकरी म्हणाला. "मीटिंग लिखो."

"मीटिंग नहीं. बहस."

"चलो जी, चर्चा लिख दो. पक्का?"

"पक्का." भला माणूस. सौदा कळतो त्याला.

मुलगी कॉम्प्युटरपुढे बसली होती. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. "माझं काढून टाकायला मी काय भाजीतली अळी आहे? बरं, अठरा लिही."

"काकू, असं नसतं न."

"पंधरा. याखाली परवडत नाही."

"ही भाजी मंडई नाहीये, काकू!"

पुन्हा तेच. माझ्या कानशिलात जाळ झाला. पाटी नेणाऱ्या ट्रकवाल्याला मी नंतर शिव्या दिल्या होत्या, पण हिच्या डोळ्यांत पाणी होतं. "खरं सांगा न," ती म्हणाली. "मला तुमचंच वाचायचं होतं तिथे."

पहिल्या दमात खरा भाव सांगायचा म्हणजे भर बाजारात लुगडं सोडण्यासारखं. तरी सांगितलं. "नऊ."

"नऊही पुष्कळ आहेत, काकू. काही कागद?"

पुरावा नेहमी शेवटी काढायचा, हे आईचंच. मी पर्समधून चिठ्ठ्यांची जुडी काढली. कचेरीच्या दारावर दर वेळी प्रवेशाची चिठ्ठी मिळायची आणि तिच्याच पाठीवर बाबू परत पाठवण्याचं कारण खरडायचा. नऊ चिठ्ठ्या, नऊ कारणं. सातवीवर लिहिलं होतं: 'नकाशा ठीक, पण घडी घातलेला.'

ती वाचत गेली आणि हसत सुटली. मग चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. "हे आधी का नाही दाखवलं?"

"तू भाव पाडलाच नाहीस! आणि तुमच्या फाटकावरचीही चिठ्ठी घे. दहा होतील."

"ती आमची, काकू. ती नाही धरता येणार."

अधिकाऱ्यांपुढे तिने नऊही कारणं एकापाठोपाठ वाचली. सातव्याला कोणीतरी हसलं, नवव्यानंतर कोणीच नाही, असं ती सांगत होती. पाटी अजून त्यांच्या गोदामातच आहे. दहावी फेरी पुढच्या सोमवारी.

छापायच्या आधी तिने मला पान दाखवलं. त्यात होतं, 'एक महिला विक्रेती.'

"माझं नाव?"

"देता येत नाही, काकू. नियम आहे."

"दुकानाचं तरी?"

"नाही."

"थालीपीठ. एवढा एक शब्द. भिंतीवर नाही तर कागदावर तरी लागू दे."

तिने पेन्सिल चावली. "'महाराष्ट्रीय पदार्थ विकणारी' करते. त्याच्यापुढे नाही जमणार."

मी नाक मुरडलं आणि तिच्यासाठी चहा टाकला.