डॉक्टर जे बोललेच नाहीत

आजवर कुणालाही हे कळू दिलेलं नाही. दोनतीनदा अगदी जिभेवर आलं होतं, आणि मी भलतंच काहीतरी बोलले — भाजीचं, शाळेतल्या परीक्षांचं. तुमच्यापाशी तरी जमतंय का बघते.

आमचं घर शिरूरच्या बाहेर, रस्त्यापासून थोडं आत. मी शिक्षिका. ह्यांचे — माझ्या यजमानांचे — ट्रक कंपन्यांचा माल वाहतात. सहा वर्षांपूर्वी ह्यांनी घरामागे पोहायचा तलाव बांधला, निळ्या फरशीचा. त्याला लागून एक छोटा गोल हौद. त्यात पाणी गरम राहतं, बाजूंनी जोरात फवारे येतात, पाठ-कंबर रगडून निघते. जकूझी. लोकांना वाटलं, ट्रकवाल्याला मस्ती आली. पण तो गोल हौद ह्यांनी बांधला होता आईसाठी. सासूबाईंचे — मी त्यांना आत्या म्हणते — गुडघे पार गेले होते. मांडवगणच्या शेतात वाकून वाकून उभी हयात गेलेली. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेकत बसायचं, हा त्यांचा रोजचा नेम.

तलाव मला किती आवडला, कसं सांगू? माहेरी केंदूरला भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. एकेचाळिसाव्या वर्षी मी पाण्यावर पाठ टेकून तरंगायला शिकले. कान पाण्याखाली गेले की घर, शाळा, कुकरची शिट्टी — सगळं बंद. अंग गार पडलं की गरम हौदात. संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासासाठी मी अख्खा दिवस ढकलायचे.

आणि हौदात आत्या असायच्या. जुनं लुगडं गुंडाळून, अंगाला तेल चोपडून. "ये गं शैला, बस. लई ग्वाड वाटतंय बघ." पाण्यावर तेलाचा तवंग. त्यांचं बोलणं चालूच — कुणाची सोयरीक, कुणाची म्हैस व्याली. वाईट काही नाही. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली. हे मुद्दाम सांगतेय — नाहीतर तुम्ही म्हणाल, सासू छळत असेल.

छळत नव्हत्या. मला ते पाणी एकटीला हवं होतं. बस.

एकदा प्रेशर तपासायला मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणी झाल्यावर त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या, मी चिठ्ठी घ्यायला आत थांबले. डॉक्टर म्हणाले, प्रेशर ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा. एवढंच. बाहेर आले तर आत्यांनी विचारलं, "काय म्हनला गं डाक्टर?"

मी आधी ठरवलं नव्हतं — की ठरवलं होतं? "गरम पाण्यात बसायचं नाही म्हणाले. प्रेशरला वाईट."

"व्हय का?" बाकाला धरून त्या उठल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, येळंवर कळलं."

ह्यांनाही मी तेच सांगितलं. त्या दिवसापासून हौद माझा झाला. आणि सुख लागलं — खोटं कशाला बोलू? दिवाळीपर्यंत खरंच सुख लागलं.

मग थंडी पडली. एका सकाळी न्हाणीतून वाफ येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. आत्या गार पाण्यानं अंघोळ करत होत्या. वीट तर केव्हाच बंद झाली होती. मी पाहिलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "डाक्टरनी गरम नगं म्हनलंय न्हवं?"

एक वाक्य पुरे होतं. शेकायला हरकत नाही आत्या — इतकंच. पण त्यांनी विचारलं असतं, मग हौदात का नाही? म्हणून मी बोलले नाही. त्या कुडकुडत बाहेर यायच्या आणि मी चहाचा कप पुढं करायचे. असे दोन हिवाळे गेले. दोन.

तिसऱ्या वर्षी त्या भिंत धरून चालायला लागल्या, आणि मग तेही जमेना. उषावन्सं, माझी नणंद, त्यांना केडगावला घेऊन गेल्या. तिथला डॉक्टर म्हणाला, शेक बंद करायला कुणी सांगितलं? फोनवर ते ऐकून हे भडकले, शिरूरच्या डॉक्टरला जाब विचारायला निघाले. मी दारात आडवी झाले. "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट." ह्यांना वाटलं, मी भांडण टाळतेय. वन्संना म्हणालेसुद्धा — शैला समजूतदार आहे.

आत्या आता खाटेवरच असतात. चालणं माझ्यामुळं गेलं की वयामुळं? मी कुठल्याच डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागेल.

गेल्या रविवारी आम्ही केडगावला गेलो होतो. हे अंगणात फोनवर बोलत होते. वन्सं गरम पाण्याच्या पिशवीनं आईचे गुडघे शेकत होत्या, आणि शेकता शेकता त्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडत होत्या. आत्यांनी त्यांना थांबवलं. "नगं बोलू त्याला. भल्यासाठीच सांगितलं आसंल त्यानं. आन् शैलानं तवा हाताला धरून नेलं व्हतं मला. कोन नेतंय सासूला?"

वन्संनी पिशवी माझ्या हातात दिली आणि त्या चहा टाकायला गेल्या. खोलीत आम्ही दोघीच राहिलो. आत्या माझ्याकडं बघत होत्या. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, कुणाला काही ऐकू गेलं नसतं.

मी पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "जास्त गरम नाही ना?"