मनगटावर ठेवलेला शब्द

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या परिचारिकाबाईंना सारी इमारत ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखे. बारा वर्षे त्यांनी एकाच रुग्णालयातील एकाच वॉर्डात सेवा केली. त्या वॉर्डाचा एक दंडक होता. ड्यूटी बदलताना जाणारीने येणारीला प्रत्येक खाटेपाशी न्यायचे; येणारीने रुग्णाच्या मनगटावर हात ठेवून स्पष्ट म्हणायचे, ‘घेतला.’ हा शब्द कानी पडेपर्यंत जाणारीने खाट सोडायची नाही. घरी दूध उतू जात असले तरी बेहत्तर. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या ठेवीला आपल्या प्राचीनांनी न्यास म्हटले आहे. त्याचे इतके निर्मळ रूप क्वचितच दृष्टीस पडते.

दोन मुले झाल्यावर सिस्टरनी हाच दंडक घरी आणला. थोरली पाच वर्षांची, समंजस. धाकटा अडीच वर्षांचा, पाय फुटल्यापासून वाऱ्याचा सोयरा. “दोघांनी मिळून लक्ष ठेवायचं म्हणजे कुणीच ठेवायचं नाही,” असे त्या म्हणत. “ह्याला वाटतं ती बघतेय, तिला वाटतं हा बघतोय.” म्हणून घराबाहेर पाऊल पडले की एक मूल एका वेळी एकाच्याच हवाली. दुसऱ्याकडे द्यायचे तर मनगट हाती द्यायचे, आणि शब्द ऐकल्यावाचून आपला हात सोडायचा नाही.

त्यांचे यजमान इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते. रेघ केसभर चुकली तर कागद फाडून नवा घेणारे. त्यांना ही रीत मनापासून आवडली. “सिस्टर, पेशंट ताब्यात घ्या!” असे म्हणत ते टाचा जुळवून मुलाला पुढे करीत. कचेरीतला एखादा मित्र चेष्टा करी, “अरे, पोरगं आहे का सरकारी फाईल?”

“फाईल हरवली तर कुणी रडत नाही रे,” ते उत्तर देत. या उत्तराचा सिस्टरना फार अभिमान होता. माहेरी गेल्या की त्या ते सांगत.

एका रविवारी हे सारे कुटुंब, सासूबाईंसह, तळ्याकाठच्या बागेत गेले. कचेरीतली दोन जोडपीही बरोबर होती. थोरलीचे हात चिखलाने माखले.

“अहो, हिचे हात धुऊन आणते. धाकटा तुमच्याकडे?”

“घेतला,” मनगट धरून ते म्हणाले. सिस्टर निर्धास्तपणे नळाकडे गेल्या.

तेवढ्यात कचेरीचे साहेब फिरत तिकडे आले, बाकावर बसले आणि काडीने मातीत नव्या इमारतीचा जिना काढू लागले. नकाशा दिसला की यजमानांचे भान हरपे. ते खाली वाकले, मनगट सुटले. मान वर केली तेव्हा पोर हातावर तुरी देऊन गेले होते.

यजमानांची हाक ऐकून सिस्टर धावत आल्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस तसाच होता.

“म्हणजे? पोरगं होतं कुणाकडे?” सासूबाईंनी सर्वांदेखत विचारले.

यजमानांनी साहेबांकडे पाहिले, मग आईकडे. “हिच्याकडे. नळावर जाताना दिला होता मी. ‘घेतला’ म्हणाली ही.”

क्षणभर सिस्टरना खरोखरच वाटले की आपणच म्हटले असेल. मग फेसाने भरलेले दोन्ही हात त्यांच्या डोळ्यांपुढे आले. बारा वर्षांत मनगट हाती नसताना तो शब्द त्यांच्या जिभेवर एकदाही आला नव्हता. पण वाद घालायला वेळ कुठला? तळे पन्नास पावलांवर होते. त्या तळ्याकडे धावल्या.

वीस मिनिटांनी धाकटा माळ्याच्या ढकलगाडीत सापडला, वाळक्या पानांच्या ढिगावर बसून बुटात खडे भरण्यात मग्न.

सासूबाईंनी पोराला छातीशी धरले. “दवाखान्यात परक्यांची उस्तवार करतेस बाई, आणि घरचं मूल सांभाळवत नाही!”

सिस्टरनी यजमानांकडे पाहिले. ते बुटातले खडे काढत होते, एकेक करून, फार काळजीपूर्वक.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ते हळूच म्हणाले, “तोंडातून निघून गेलं गं. सगळे बघत होते.”

“सगळे बघत नसते तर इतकं लागलं नसतं. आईंना खरं सांगा.”

“आता कशाला उकरून काढायचं? पोरगं सापडलं ना?”

“पोरगं सापडलं.” त्या भांडी पुसत राहिल्या. “तो शब्द माझा होता हो. तोच तुम्ही माझ्यावर टाकलात.”

यजमानांनी आईला खरे सांगितले नाही. सासूबाई मनाच्या दुष्ट नव्हत्या. परंतु ती कथा त्यांनी नात्यागोत्यात पोचवली, आणि प्रत्येक वेळी यजमान खिडकीबाहेर पाहत राहिले. खोटे एकदाच बोलले गेले होते. मौनाने ते महिनाभर रोज नवे होत राहिले.

महिन्याने सगळी पुन्हा बाहेर पडली, नावेत बसायला. धक्क्यावर गर्दी होती, फळ्या ओल्या होत्या. धाकटा सिस्टरच्या हाती होता.

“त्याला त्याच्या बापाकडे दे बाई,” सासूबाई म्हणाल्या. “तुझा काय भरवसा!”

यजमानांचा चेहरा उतरला. बोलायचे तर हीच वेळ होती. सिस्टर थांबल्या, नावाड्याने दोनदा हाक मारली तरी थांबल्या. यजमानांनी घसा खाकरला, खाली वाकून पोराच्या दुसऱ्या मनगटावर हात ठेवला आणि एवढेच म्हणाले, “घेतला.”

सिस्टरनी आपला हात काढला नाही.

दोघांच्या मध्ये दोन्ही हात ताणलेले पोर कुरकुरू लागले. थोरलीने पदर ओढला. “आई, सोड ना. बाबा ‘घेतला’ म्हणाले की.”

“ऐकलं गं मी,” सिस्टर म्हणाल्या, आणि मनगट तसेच धरून नावेत उतरल्या.