डाव्या सीटवरचं पोतं

मुकुंदवाडीत अंगदच्या दारात जमिनीला पोट टेकल्यासारखी एक लाल, दोन सीटची गाडी उभी असते. सगळी गल्ली तिला अंगदची गाडी म्हणते. खरं तर ती दोघांची. अंगद आणि रामेश्वर आयटीआयपासूनचे जोडीदार, पुढं वाळूजला एकाच कंपनीत लागले. कुणा हौशी माणसानं ठोकून टाकून दिलेली ही जुनी स्पोर्ट्स कार एका गॅरेजमागं बाभळीखाली गंजत पडली होती, ती दोघांनी मिळून उचलली. उस्मानपुऱ्यात रामेश्वरच्या खोलीपुढं सायकल लावायची पंचाईत आणि अंगदच्या घरापुढं पत्र्याचं शेड, म्हणून गाडी इकडं आली. गाडी इकडं, म्हणून कागदही अंगदच्या नावावर झाले. रामेश्वरला त्याचं काही वाटलं नाही.

दोघांच्या डोक्यात एकच खूळ होतं, गाडीला कॉइलओव्हर बसवायचे. मूळच्या गाडीत स्प्रिंग एकीकडं आणि शॉकअप दुसरीकडं असतो. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच चढवलेली असते, आणि खालचा मोठा नट फिरवला की गाडीचा तो कोपरा हवा तेवढा वरखाली करता येतो. लोक हे काम पुण्याला गाडी पाठवून करून घेतात. हे दोघे शहाणे ते घरी करणार होते, सुट्टीच्या दिवशी, अंगदच्या बापाची मेंढरांमागची जुनी घोंगडी गाडीखाली अंथरून.

पुढच्या चाकांचं काम असंच झालं. घोंगडीवर अंगद, कारण रामेश्वरचं पोट गाडीखाली मावत नव्हतं. त्या पोटाचाही उपयोग होता. शेवटचे बोल्ट आवळायचे आणि उंची जुळवायची, ती गाडी चाकांवर उभी आणि सीटवर वजन असताना. नाहीतर रस्त्यावर गेल्यावर माप फिरतं. अंगद खाली असल्यामुळं त्याच्या सीटवर पाण्याचे कॅन ठेवायचे, आणि डाव्या सीटवर रामेश्वर स्वतः बसायचा. बसून काय करायचा, तर चहा प्यायचा आणि सुपरवायझरच्या नकला करायचा. मग स्वतःच्याच नकलेला गदगदून हसायचा आणि गाडी डोलायची.

"हसू नको बे, माप हलायलंय," अंगद खालून ओरडायचा.

"मी नाय हसत, पोट हसायलंय," वरून उत्तर यायचं. एकेक माप चारदा घ्यावं लागायचं. अंगदच्या उभ्या आयुष्यात त्या दिवसांइतके सुखाचे दिवस फार नव्हते, पण हे त्याला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

मागचं काम सुरू करायचं आणि नेमकी रामेश्वरची आई, सुगंधाबाई, घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती झाली. रामेश्वर तिच्या उशाशी मुक्कामाला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मागचं ठेव जरा. माय घरी आली की लावू दोघं."

अंगदनं मान डोलावली. पण मोटारी सजवणाऱ्या पोरांचा एक मेळावा दौलताबादच्या रस्त्याला भरणार होता आणि अंगद तिथं तयार गाडी आणायचा सगळ्यांना शब्द देऊन बसला होता. दोनचार दिवस त्यानं कळ काढली. मग स्वतःची समजूत घातली की, बिचारा दवाखान्यात दमलाय, तयार गाडी बघून खूश होईल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका गोडबोल्या दुसरा कुणी नसतो.

बायको योगिनी रोज डबा भरायची. "आज तरी तुम्ही जा की घाटीत. भाऊजी वाट बघत असतील," ती म्हणायची. अंगद गाडीखालून म्हणायचा, "तूच जाऊन ये, माझे हात ग्रीसचे हायत." तो एकदाच गेला, तोही घाईत.

काम मात्र त्यानं चोख केलं. मागं आता सगळा भार शॉकअपच्या वरच्या टोकावर येणार, म्हणून तिथं जाड पत्रा वेल्ड करून घेतला. वजनाची वेळ आली तेव्हा घरातलं गव्हाचं पोतं उचलून डाव्या सीटवर ठेवलं, वर तांदळाची पिशवी, बरोबर रामेश्वरएवढं. पोतं काही हसलं नाही. माप एकदाच घ्यावं लागलं.

मेळाव्यात गाडीचं कौतुक झालं. कुणीतरी फोटो टाकले आणि रामेश्वरनं ते घाटीच्या व्हरांड्यात मोबाइलवर पाहिले. पुढच्याच आठवड्यात सुगंधाबाई घरी आल्या. एवढंच थांबायचं होतं.

रामेश्वर रिकामे डबे परत द्यायला आला. डबे योगिनीच्या हातात दिले, शेडमध्ये जाऊन वाकला आणि मागची चाकं बराच वेळ पाहिली. अंगद उभा होता. यानं काही खोट काढावी, शिवी द्यावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. खोट काही निघाली नाही.

"झकास लावलं," रामेश्वर म्हणाला. मग सीटच्या शिवणीत अडकलेला गव्हाचा दाणा त्यानं नखानं काढला. "माझ्या जागी काय ठेवलं व्हतं?"

"पोतं. तुझ्याएवढं मोजून."

"माझं वजन उतरलंय रे दवाखान्यात," तो हसून म्हणाला. "तू पाह्यलंच नाय."

ते खरंच होतं. गळ्याशी शर्ट ढिला पडला होता, आणि अंगदनं तो त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला. त्याला इतकी लाज वाटली की 'चहा घे' म्हणायचंही सुचलं नाही. रामेश्वर निघून गेला.

भांडण झालं नाही, म्हणून समेटही करता आला नाही. कंपनीत भेटला की रामेश्वर विचारतो, "बरं हाय ना?" अंगद एकदा माफी मागायची म्हणून उस्मानपुऱ्याला गेला, आणि तासभर सुगंधाबाईंच्या गोळ्यांविषयी बोलत बसला. निघताना म्हातारीच म्हणाली, "तुमची गाडी झाली म्हनं. आमच्या रामाला बसव की एकदा."

"बसंल की माय, कवातरी," रामेश्वर म्हणाला. तो अजून बसलेला नाही.

अंगद सुट्टीला एकटाच गाडी काढतो. डावी सीट रिकामी असल्यामुळं गाडी मागून डावीकडं बोटभर वर राहते. जाणकार पोरं सांगतात, "काका, डावा नट जरा फिरवून घ्या, लेव्हल होईल." अंगद हो म्हणतो. चहा गार व्हायच्या आत होईल असं काम आहे, पाना शेडमध्येच लटकलेला आहे. पण तो नट खाली घ्यायचा म्हणजे रामेश्वर आता येणार नाही असं मानून गाडी जुळवायची. एकदा त्याच्याशिवाय जुळवली होती, ती तेवढी पुरे. पाना त्यानं अजून खिळ्यावरून काढलेला नाही.