साडभाऊंची चार वाजताची सोबतीण

आमच्या साडभाऊंच्या हुकमाशिवाय धरमपेठेत गेल्या कित्येक वर्षांत कुणी धड हसलेलं किंवा रडलेलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि धंद्याने लग्नाचे व्हिडिओवाले. लेकीला निरोप देताना बापाला हुंदका फुटला, तर तो मध्येच थांबवून ते आधी लाइट सरकवून घ्यायचे. "बाबूजी, एक मिनिट. हं, आता रडा, बिनधास्त." आणि बाबूजी खरोखर रडायचे, त्या आवाजापुढे नाही म्हणायची सोयच नसते. टपरीवर गेले तरी पोहेवाल्याला म्हणतील, "तर्री हळू सोड गा, पडताना दिसली पाहिजे." कुणाकडे सांत्वनाला गेले, तर अंधारात बसलेल्या माणसाला हाताला धरून खिडकीशी आणून बसवतात आणि मगच बोलायला लागतात. लोकांना वाटतं, केवढी माया! मला विचाराल तर निम्मी माया, निम्मी उजेडाची हौस.

हल्ली लग्नात ड्रोनवाली पोरं आली आणि साडभाऊंना दुपारच्या दुपार मोकळ्या मिळू लागल्या. लेकीने त्यांना संगणकावरचं एक नवं काम शिकवलं. माणूस कसा दिसतो, काय करतो, हे शब्दांत लिहायचं. यंत्र त्याचा हलताबोलता व्हिडिओ करून देतं. एकट्या माणसाला पडद्यावर सोबत करणारी अशी खोटी माणसं म्हणे आता लोकांना हवी असतात. या लिहिण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. साडभाऊंनी पहिला प्रॉम्प्ट लिहिला तो आयुष्यभराच्या सवयीने : "ताई, जरा मान डावीकडे घ्या. पदर नीट करा. बस्स. आता सहज हसा." यंत्राने ताई दिल्या, पण त्यांच्यापुढे उभा राहून हातवारे करणारा एक जाडजूड माणूसही दिला. ताई बिचाऱ्या त्याच्या धाकात बसल्या होत्या. मी पोट धरधरून हसलो. साडभाऊ मात्र त्या माणसाला नीट निरखून म्हणाले, "शर्ट चांगला आहे याचा."

हे सगळं गमतीतच संपलं असतं, पण त्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाईंनी बोलणं टाकलं. सासूबाई एकट्या राहतात. शेजारच्या काकू रोज चार वाजता त्यांच्याकडे चहाला यायच्या. इतकी वर्षं त्यात खंड नव्हता. त्या काकू गेल्या. तेव्हापासून सासूबाई चहा ओट्याशी उभ्यानेच प्यायच्या, निम्मा ओतून द्यायच्या आणि फोनवर लेकींना हो-नाहीपलीकडे काही सांगायच्या नाहीत. आमच्याकडे राहायला या म्हटलं तर "नको." दोघी बहिणींनी धसका घेतला, की आई अशीच मिटत जाणार. मलाही आतून भीती वाटायची. साडभाऊ म्हणाले, "मी चार वाजताची बाई बनवतो."

पहिली बाई त्यांनी साखरेच्या डब्याला टॅब टेकवून दाखवली. रेशमी साडी, गुळगुळीत गाल, आणि नागपूरच्या मे महिन्यात कपाळावर घामाचा थेंब नाही. सासूबाईंनी चष्मा लावला. "हे काय लग्नाले चालली?" कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं पुरं वाक्य. साडभाऊ इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर उन्हात स्कूटरवर पुन्हा हजर. आता बाई सुती साडीत होती, कूलरच्या वाऱ्याने केस उडत होते. सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "इतकी हासते काहून वं हे? मी तं काहीच नाही बोलली." तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सगळ्याले हो म्हणते. अशी बाई राहते का कुठं? जरा भांडली पाहिजे." मग हे रोजचंच झालं. साडभाऊ चारला यायचे, बाई दाखवायचे, सासूबाई तिच्यातले दोष काढायच्या आणि बोलता बोलता अख्खा कप संपवायच्या. साडभाऊंचं लिहिणंही बदललं. एकदा मला त्यांनी वाचून दाखवलं : "बाई खुर्चीत मागे टेकत नाही. तिला निघायचं आहे. पण ती निघत नाही." हुकूम सोडण्यात हयात घालवलेल्या माणसाने हे लिहिलं, यावर माझा विश्वास बसेना.

एका रविवारी मी आणि बायको दोघंही तिथे होतो. साडभाऊंनी टॅब लावला. पडद्यावरची बाई खुर्चीच्या कडेवर टेकली, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि मान वर न करता म्हणाली, "साखर कमीच आहे आज." माझी बायको उठून आत गेली. त्या साक्षात शेजारच्या काकू होत्या. सासूबाईंनी आजवर एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं, तरी दोष काढता काढता त्यांनी काकूंनाच खुर्चीत आणून बसवलं होतं.

सासूबाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जगाला वेळेवर रडवणारे साडभाऊ फरशीकडे पाहत उभे होते.

"झालं का मग हे आता?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हटलं तं झालं, आई. टॅब इथंच ठेवून देतो. मग रोज मी यायचं कामच नाही."

सासूबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा साडभाऊंच्या घामेजल्या चेहऱ्याकडे.

"चमकी राहिली," त्या म्हणाल्या. "नाकात. खड्याची."

साडभाऊंनी कपाळावर हात मारला. "अरे हो! चमकी! उद्या घालून आणतो, आई."

मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलो. मला राहवेना. काकूंचं नाक टोचलेलंच नव्हतं. आमच्या लग्नात त्यांची चापाची नथ पंगतीत वरणात पडली होती आणि ती शोधता शोधता त्या हसून हसून बेजार झाल्या होत्या. मी हे सांगू लागलो तसे साडभाऊ दुपट्टा गुंडाळता गुंडाळता थांबले.

"माहीत आहे न भाऊ मले," ते म्हणाले. "शूटिंग मीच तं करून राहिलो होतो."

आणि स्कूटर सुरू करून निघून गेले. सासूबाई खिडकीशी येऊन उभ्या होत्या. गाडी वळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. चमकीचा खडा लाल की पांढरा, याचा त्या दोघांचा वाद अजून चालू आहे. आणि तो मिटू नये, असं मला फार वाटतं.