ताटातली सुपारी

मला राग लवकर येतो, असं घरचे सांगतात. येतो तसा उतरतोही. पण रेडिओच्या त्या शेवटच्या शुक्रवारचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये असंच मला वाटतं.

मी तेव्हा एका संस्थेसाठी रेडिओ मालिका लिहीत होते. नाशिक रोडला दोन खोल्यांत रेकॉर्डिंग व्हायचं आणि बागलाणातल्या एका छोट्या केंद्रावरून दर शुक्रवारी दुपारी चारला ते लागायचं. विषय होता पोरींची कोवळ्या वयात होणारी लग्नं. सुरुवातीला आम्हाला शिकवायला एक बाई आल्या होत्या. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांसाठी अशा मालिका करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्या म्हणाल्या, "उपदेश करू नका. एक चांगलं पात्र घ्या, एक वाईट घ्या, आणि एक असं घ्या की ज्याचं अजून काहीच ठरत नाही. ऐकणारा माणूस त्या तिसऱ्याबरोबर चालतो. म्हणून त्याला अर्ध्या वाटेत सोडू नका." मी ते वहीत लाल पेनाने उतरवून घेतलं. आमच्या साहेबांनीही मान डोलावली. साहेबांची मान कशालाही डोलते.

माझं तिसरं पात्र म्हणजे एक आई. तिची पोरगी सोळाची, शाळेत हुशार. चुलत्याने स्थळ आणलेलं. आमच्याकडे चार माणसांत सुपारी फुटली की लग्नाचा शब्द दिला गेला. मग मागे फिरलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. सुपारी फोडायला पुरुष बसतात. बायका आत. बाहेर येतात त्या फक्त चहा घेऊन. मी ठरवलं, ही आई चहा घेऊनच बाहेर येईल आणि बोलेल. पण लगेच नाही! मी तिला आठवडेच्या आठवडे चुलीपाशी घुटमळत ठेवलं. शेवटून दुसऱ्या भागात ओसरीवर पाहुणे बसले, ताटात सुपारी ठेवली गेली, चुलत्याने अडकित्ता उघडला, आई ट्रे घेऊन उंबऱ्यात आली, आणि तिथेच मी भाग संपवला. स्वतःवर काय खूश होते मी त्या दिवशी!

पुढच्या गुरुवारी फोन आला. भागाच्या शेवटी आम्ही नंबर द्यायचो, त्यावर बायका बोलायच्या. ही बाई नामपूरजवळच्या एका खेड्यातली. दर शुक्रवारी कांदा साठवायच्या चाळीत आठ-दहा जणी रेडिओ लावून कांदा निवडतात, त्यांतली एक.

"ताई, तेवढं सांगा ना. ती आई काय बोलती?"

मी हसले. "अहो, आत्ताच सांगितलं तर उद्या काय ऐकाल?"

"नाय, पण उद्या संध्याकाळी घरी पाव्हणे हायेत. आधी कळलं तं बरं."

"पाहुणे संध्याकाळी ना? मालिका चारला. निवांत ऐकून घ्या की!"

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. गोष्ट आधी फोडायची नाही, हा आम्हा लिहिणाऱ्यांचा मोठा नियम. तो पाळल्याच्या आनंदात कसले पाहुणे, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

शुक्रवारी साडेतीनला केंद्रावरून फोन. "ताई, आजचा भाग लावायचा नाही म्हणे. वरून भाषण आलंय."

मी साहेबांना फोन लावला. प्रकल्पाचं वर्ष त्याच दिवशी संपत होतं, आणि पैसे देणाऱ्यांकडचे कोणी बडे पाहुणे जाता जाता कायद्याच्या माहितीचं भाषण रेकॉर्ड करून गेले होते. ते लावणं भाग होतं. पुढचा शुक्रवार आमचा नव्हता.

"अहो, पण त्या आईचं काय?"

"लोकांना अंदाज आलाच असेल, मॅडम. तुमची एक आई, आणि इथे अख्खा कायदा आहे!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नको नको ते बोलले. उपयोग शून्य. बरोबर चारला बागलाणातल्या बायकांना कलमं ऐकवली गेली. ज्या बाईंनी आम्हाला शिकवलं, त्यांनी तिकडच्या एका तरी आईला असं उंबऱ्यात टांगून ठेवलं असेल का? आमच्या बायकांची किंमत एवढीच?

तीन महिन्यांनी साहेबांना यशोगाथा हव्या झाल्या. बैल गेला नि झोपा केला! अहवालासाठी छापील फॉर्म घेऊन मला नामपूरकडे पाठवलं. मी माझ्या न लागलेल्या भागाचे कागदही पिशवीत टाकले. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. रेकॉर्डिंग संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होतं, माझ्याकडे उरले होते ते कागदच.

चाळीत एक बाई एकटीच कांदा निवडत बसली होती. 'या, ताई' म्हणाली तशी आवाजावरून मी ओळखलं, ही त्या गुरुवारच्या फोनवरची. फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला, मालिकेतून काय शिकलात म्हणून. तिने हातातला सडका कांदा बाजूला टाकला.

"पोरीचं लगीन झालं, ताई. मनी पोर सोळा वरीसनी शे."

त्या शुक्रवारी तिच्याच घरी, तिच्या सोळा वर्षांच्या पोरीची सुपारी होती. अठराच्या आत लग्न करायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. भाषणाने त्यात काडीची भर घातली नाही. दीर आणि पाहुणे ओसरीवर बसले असताना, त्यांचा अपमान न होता, "नाही" कसं म्हणायचं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने मला फोन केला होता. ती चहा घेऊन बाहेर गेली, कप ठेवले आणि आत आली. मागे अडकित्ता वाजला.

साहेबांवर ओरडायला मी एका पायावर तयार होते, पण गुरुवारी फोनवर हसले ती मी. लाज वाटली मला माझी, अजून वाटते.

"ती रेडिओतली आई काय बोलली मग?" तिने विचारलं.

मी कागद काढले आणि तिथेच कांद्याच्या ढिगापाशी बसून वाचलं. आई ट्रे खाली ठेवते. पदर सावरते. म्हणते, "पाव्हणे, चहा घ्या, जेवूनच जा. घर तुमचंच हाय. पण सुपारी ताटातच राहू द्या. पोरगी अजून शिकती."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढं तं मला बी बोलता आलं असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मी कागद पिशवीत घालायला लागले, तर तिने कांद्याच्या मातीने भरलेला हात पुढे केला.

"ते इथंच ठिवून जा, ताई. धाकटी आठवीला हाय. ती वाचून दाखवील मला."