बोर्डाला हात लावायचा नाही

घरात त्याला सगळे ‘साहेब’ म्हणायचे. नोकरी होती तेव्हा बायकोने थट्टेने ठेवलेलं नाव. नोकरी गेली, नाव तेवढं राहिलं. साहेब होते यूएक्स डिझायनर. मोबाइलवरची ॲप वापरताना लोकांचा गोंधळ होऊ नये, अशी ती आखून द्यायची, हे त्यांचं काम. बाबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सोपं करायचं. मग एवढं अवघड करून का सांगतोस?”

घरी बसून वर्ष होत आलं आणि एकदाचं एका मुलाखतीचं बोलावणं आलं, तेही व्हिडिओवर. ही हातची गेली तर पुढचं बोलावणं कधी येईल, देव जाणे. साहेब तयारीला लागले. आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. आरशालाही ती फारशी पटली नसावी. मग बायकोला समोर बसवलं.

“तुमचा सगळ्यात मोठा दोष?” तिने विचारलं.

“मला फार बारकाईने बघायची सवय आहे.”

“हो का? मग बाथरूमबाहेरचा तो बोर्ड कसा दिसला नाही इतकी वर्षं?”

साहेबांनी तो विषय झटकून टाकला. बोर्डावर एकसारखी चार बटणं होती. वायरमनने घाईघाईत कशीतरी जोडून दिलेली. बाथरूमच्या दिव्याच्या बटणाला खेटूनच साहेबांच्या खोलीचं बटण. ते दाबलं की खोलीतला दिवा आणि इंटरनेट दोन्ही गुल. बाबा हमखास तेच दाबायचे, आणि साहेब आतून करवादायचे, “बाबा, किती वेळा सांगायचं तुम्हाला!”

मुलाखतीच्या दिवशी साहेबांनी फर्मानच काढलं: मुलाखत संपेपर्यंत कुणीही बोर्डाला हात लावायचा नाही. बायको कामावर निघून गेली. बाबांनी मान डोलावली.

मुलाखत छान रंगली. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, “एखादा माणूस पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल तर?”

हे उत्तर साहेबांचं तोंडपाठ होतं. “चूक त्याची नसतेच, मॅडम. चूक आखणाऱ्याची.”

बाई खूश होऊन लिहून घेत होत्या, तेवढ्यात बाथरूममध्ये बादली धाडकन आपटली.

“बाबा!”

“काही नाही रे! तुझं चालू दे!” आतून आवाज आला. “अंधारात दिसलं नाही. चूक माझीच.”

बाईंनाही ते ऐकू गेलं असणार. साहेब तसेच उठून धावले आणि बोर्डावर हात मारला. मागे खोलीत अंधार झाला. इंटरनेट गेलं, मुलाखत गेली.

बाबा ओल्या फरशीवर गुडघा धरून बसले होते. “माझ्यामुळे गेली का रे नोकरी?”

“नाही हो बाबा,” साहेबांना हुंदकाच फुटला, “बटण मी दाबलं.”

खोलीत फोन वाजू लागला. “बाईंचा असेल, घे की!” बाबा म्हणाले.

“वाजू दे. आधी तुम्ही उठा. थांबा, दिवा लावतो.” साहेबांनी डोळे पुसले, नीट बघून दुसरं बटण दाबलं. स्वयंपाकघरातला पंखा गरगरू लागला.

अंधारातून बाबांचं हसू ऐकू आलं. “किती वेळा सांगायचं रे तुला!”