चादरीची घडी

माझ्या मावशीला घरी बोलवायचं म्हणजे सगळ्यांच्या जिवावर यायचं. तशी ती भांडखोर नव्हती, पण गप्पा मारता मारता तिची नजर कपाटाकडे जायची. "हे काय कोंबून ठेवलंय?" म्हणत ती सगळे कपडे बाहेर काढायची आणि पुन्हा घड्या घालत बसायची. ती येणार असली की माझी आई आधी कपाटाला कुलूप लावायची. सख्खी बहीण असून!

सव्वीस वर्षं ती एका मोठ्या लॉन्ड्रीत होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. ओलसर चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, पलीकडून निघाली की दोघींनी मिळून घडी घालायची. जोडीदारीण नसली तर मावशी एकटीच घालायची, तरी टोकाला टोक जुळलेलं. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. मलाही होता.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात चुकून पुढे गेला की दांडीला लागतो आणि यंत्र थांबतं. त्या दांडीची स्प्रिंग बिघडली होती, त्यामुळे यंत्र उगाचच थांबायचं. नवी स्प्रिंग आणायची सोडून सुपरवायझरनं दांडी तारेनं बांधून टाकली. मावशीनं त्याला तीनदा सांगितलं. तो तिन्ही वेळा "बघू" म्हणाला. एका सकाळी चादर आत सरकवताना तिचा उजवा हात दुमडीत अडकला आणि रोलरखाली गेला. अंगठा आणि तर्जनी वाचली, बाकीची तीन बोटं तळव्याला चिकटून कायमची मिटली. सुपरवायझरनं हात झटकले. "बाईंचंच लक्ष नव्हतं," म्हणाला. तो माणूस आजही रस्त्यात दिसला की माझं डोकं फिरतं.

मावशीला ना नवरा उरला होता ना मूल. त्या हातावरच तिचं पोट होतं. आम्ही भरपाईचा दावा लावला. हात कायमचा निकामी झाला असं ठरलं तर तिला जन्मभर दरमहा पैसे मिळणार होते. कंपनीचं म्हणणं होतं की हात बराचसा चालतो. ते मानलं गेलं असतं तर तिला आमच्याकडे येऊन राहावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा ती उपाशी राहिली असती.

आमच्या वकीलबाईंनी तपासणीआधी तिला बजावलं, "मावशी, तिथे शूरपणा नको. जमत नाही ते जमत नाही म्हणायचं."

हे सांगायला सोपं. अपघातानंतर मावशीनं "जमत नाही" हे शब्द एकदाही उच्चारले नव्हते. हातातून कप पडला तर म्हणायची, कपच निसरडा आहे.

तरी कंपनीच्या डॉक्टरसमोर ती नीट बोलली. बोटं उघडत नाहीत, ओझं उचलवत नाही, सगळं सांगितलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर हात धुवायला वळले आणि मावशी तपासणीच्या खाटेवरून उतरली. खाटेवरची छोटी चादर चुरगळली होती. तिनं एक टोक हनुवटीखाली धरलं, दुसरं पोटाशी दाबलं आणि डाव्या हातानं घडी घालायला लागली.

"मावशी, राहू दे गं!" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"अशीच टाकून जायची का?"

डॉक्टर हात पुसत बघत होते. "वा, छान," ते म्हणाले. मावशीचा चेहरा खुलला. पुढचे दोन दिवस तिचा हात सुजून ठणकत होता. तो बघायला कुठलाच डॉक्टर आला नाही.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं अहवाल वाचला. अर्जदार बाईंनी तपासणीनंतर स्वतःहून चादरीची व्यवस्थित घडी घातली. न्यायाधीशांनी विचारलं, "हे खरं आहे का, बाई?"

"हो साहेब. चुरगळली होती."

कंपनीचा वकील गालात हसला. तेव्हा आमच्या वकीलबाईंनी पिशवीतून एक मोठी चादर काढली, लॉन्ड्रीत असते तशी, दोन माणसांच्या पलंगाची. "मावशी, हिची घडी घाला," त्या म्हणाल्या. आम्हाला दोघींनाही त्यांनी याची कल्पना दिली नव्हती.

मावशीनं चादर झटकली. टोक हनुवटीखाली धरलं. दुसरं टोक शोधेपर्यंत पहिलं निसटून फरशीवर गेलं. तिनं ते उचललं आणि पुन्हा सुरुवात केली. अर्धी घडी झाली आणि सगळी चादर पायाशी गोळा झाली. तिसऱ्यांदाही तेच. मी दुसरं टोक धरायला उठले, तर वकीलबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "खाली बस." मी बसले. याची मला अजून लाज वाटते.

"पुरे, बाई," न्यायाधीश म्हणाले.

"थांबा साहेब, आता जमेल," मावशी म्हणाली आणि चौथ्यांदा वाकली.

आम्ही दावा जिंकलो. बांधलेल्या दांडीचा दोष कंपनीवर आला आणि मागितलं तेवढं सगळं मंजूर झालं. वकीलबाईंच्या कार्यालयात मी मावशीला निकाल वाचून दाखवला. 'अर्जदार बाईंना चादरीची घडीही घालता येत नाही, हे न्यायालयाने स्वतः पाहिले आहे.' मावशीनं ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

"मॅडम," ती म्हणाली, "निकाल राहू दे तसाच. तेवढं वाक्य काढता येईल का?"

"मावशी, सगळा निकाल त्या वाक्यावरच उभा आहे."

मावशीनं माझ्या हातातले कागद घेतले आणि डाव्या हातानं टोकाला टोक जुळवून ठेवले. मग म्हणाली, "निदान 'सध्या' असं तरी लिहायला सांगा."